आनंदी की चिंतामणी

फुलपाखरासारखा आगाऊ प्राणी दुसरा नाही. लोक त्याच्यावर कविता करतात, लहान मुलींच्या फ्रॉकवर त्याला छापतात, लग्नाच्या पत्रिकेवर सोनेरी रंगात चिकटवतात. हे सगळं लांबून. वीतभर अंतरावरून, घामाने चष्मा नाकावरून घसरत असताना आणि कोपराखाली मुंग्या चावत असताना ज्याने त्याचा फोटो काढायचा प्रयत्न केलाय, त्याला विचारा. नाहीतर मलाच विचारा. मेलं मुद्दाम करतं.

पाऊस गेलाय. दसरा तोंडावर आलाय. सकाळी आठलाच ऊन असं चटचटतं की वाळत घातलेली चादर अर्ध्या तासात कडक होते. आमच्या बिल्डिंगच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून जो मातीचा पट्टा आहे, तिथे गवत गुडघ्यापर्यंत आलंय, घाणेरी फुललीय, आणि गेल्या काही दिवसांपासून लिंबाच्या झाडाभोवती ते निळं परत घिरट्या घालायला लागलंय. राणी पाकोळी. हाताच्या पंजाएवढं, काळंभोर, आणि मागच्या पंखांवर तो निळा. आपल्या राज्याचं फुलपाखरू आहे म्हणे. राज्याचं असेल, माझ्या कॅमेऱ्याचं काही ते होत नव्हतं. ते दिसलं की मला गेल्या वर्षीचा ऑक्टोबर आठवतो आणि डोकं फिरतं.

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत आमचं तळमजल्याचं घर. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. मी एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कंपनीत लॅबला आहे. कापडाचे रंग. दिवसभर शेड तपासायच्या, मशीन आकडा देतं, आकडा बसला की माल पास. माझ्या आईने आयुष्यभर हेच काम केलं, फक्त मशीनशिवाय. ती साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. गल्लीतल्या, पलीकडच्या गल्लीतल्या, स्टेशनजवळच्या दुकानातल्या सुद्धा साड्या आमच्या पलंगावर येऊन पडायच्या. फॉलचा दोरा साडीत असा मिसळायचा की शोधून सापडायचा नाही. दुकानदार रीळ काढून द्यायचा, ही साडीचा पदर उजेडात धरायची आणि म्हणायची, "अहो, हा आनंदी दिलात, मला चिंतामणी हवाय." दुकानदार म्हणायचा, दोन्ही निळे एकच की हो वहिनी. आणि मी लाजेने फूटपाथवर जाऊन उभी राहायचे.

तर ह्या बाईचे डोळे गेले. म्हणजे सगळे गेले नाहीत, नजरेचं मधलंच गेलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी पडदा म्हणून सांगितलं, वयाने होतं म्हणाले, डोळ्यात इंजेक्शनं घ्यायला बोलावलं. डोळ्यात इंजेक्शन हे शब्द ऐकूनच मला घाम फुटलेला. आईने मात्र "घ्या, टोचा" म्हणून मान मागे टाकली. आयुष्यभर सुईशीच संबंध. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, मधलं जपायचं. म्हणजे आता ती समोरच्याशी बोलताना त्याच्या कानाच्या पलीकडे बघते. नवीन माणसाला वाटतं, मागे कोण आलंय. दाराची चौकट तिला मध्येच वाकलेली दिसते. गेल्या वर्षी रोज सकाळी एक डोळा हाताने झाकून ती आधी दाराकडे बघायची आणि मग मला सांगायची, "आज बरी आहे. कालच्याइतकीच वाकडी." हा आमच्या घरातला हवामानाचा अंदाज.

आणि गेल्या वर्षी गणपती गेल्यावर ते फुलपाखरू आलं. आई मागच्या दारात खुर्ची टाकून बसलेली. मी आत कुकर लावत होते. तिने हाक मारली, "वैशू, अगं धाव, काहीतरी निळं गेलं!" मी धावले तोवर ते भिंतीपलीकडे. आई म्हणाली, "निळा कुठला ते कळलंच नाही गं. आनंदी होता की चिंतामणी?" मी म्हटलं, निळा होता आई, निळा. तर ती म्हणाली, "मला कळला नाही, असं कधी झालं नव्हतं."

झालं. तेवढं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं. म्हटलं, एवढंच ना? फोटो काढते, टीव्हीवर लावते, भिंतीएवढा मोठा करते, बघ पोटभर आणि सांग कुठला निळा. लॅबमधल्या एकाचा जुना कॅमेरा होता, जवळचे फोटो काढायच्या भिंगासकट, तो घेतला. मला वाटलेलं, दोन दिवसांचं काम.

कर्म माझं! ते बसतच नाही. बाकीची फुलपाखरं निदान बसतात, पंख मिटतात, जरा विचार करतात. हे फुलावर टेकलं तरी पंख फडफडवतंच. मध पितानाही फडफडवतंच. आणि जवळच्या भिंगाची गंमत अशी की त्याला स्पष्ट दिसतो तो एक तांदळाच्या दाण्याएवढा भाग. त्याच्या पुढचं धूसर, मागचं धूसर. मिशा नीट आल्या तर पंख गेले, पंख नीट आले तर ते फुलपाखराचे नाहीत, मागच्या पानाचे देठ आहेत. मागची पानं मात्र अशी सुरेख येतात, शीरन् शीर मोजून घ्या. लिंबाच्या पानांचं एवढं मोठं छायाचित्र-प्रदर्शन सबंध कल्याण-डोंबिवलीत दुसरं कुणी भरवू शकणार नाही.

शुक्रवारी आमच्या कंपनीला सुट्टी. दर शुक्रवारी मी मागच्या पट्ट्यात पोटावर आडवी. पन्नाशीची बाई, पंजाबी ड्रेस, डोक्याला रुमाल, गवतात पडलेली. वरच्या गॅलऱ्यांतून चौकशा सुरू. "अगं वैशाली, काय पडलं? कानातलं का?" "साप आहे का तिथे?" एकीने तर वरून टॉर्च मारला, दिवसाढवळ्या. फुलपाखराचा फोटो काढतेय म्हटलं की सगळ्या एकदम "हो का" म्हणायच्या, पण ते "हो का" असं असायचं की त्यापेक्षा कानातलं पडलं असतं तर बरं.

आणि सावंत काकू. पहिल्या मजल्यावर राहतात, आईच्याच वयाच्या, पण डोळे घारीचे आणि जीभ त्याहून चपळ. काकूंचा नेम म्हणजे सकाळी फिरायला जाताना प्लास्टिकची पिशवी घेऊन देवाची फुलं गोळा करायची. ज्याचं झाड त्याला विचारायचं वगैरे काही नाही. देवाची फुलं म्हटल्यावर विचारायचं कुणाला, देवाला? मी फुलपाखरासाठी जास्वंद लावली, काकू गणपतीला घेऊन गेल्या. मी इक्सोराची कुंडी आणली, काकूंनी देवीला वाहिली. मी एकदा भांडलेसुद्धा. "काकू, चार फुलं तरी ठेवा, ते यायचं कुठे?" काकू म्हणाल्या, "अगं, मी कळ्या ठेवल्यात की!" कळीवर काय बसतं हो कधी फुलपाखरू?

पण खरा वैताग तो नव्हता. खरा वैताग संध्याकाळी असायचा. मी आत आले की आई टीव्हीपुढे खुर्ची ओढून तयार. मी नको नको म्हणायचे, पण ती ऐकते थोडीच. "असेल तसा दाखव." मी लावायचे. ती मान एकीकडे वळवायची, मग दुसरीकडे, मग पुढे वाकायची, आणि विचारायची, "वैशू, हा फोटो हललाय की माझा डोळा?" दर वेळी. मी घाईघाईने सांगायचे, फोटो हललाय गं, माझाच हात हलला. "नक्की ना?" नक्की. मग ती मागे टेकायची. पण दुसऱ्या दिवशी दाराची चौकट जरा जास्त वेळ बघायची. ते मला स्वयंपाकघरातून दिसायचं आणि हातातला चमचा आदळावासा वाटायचा. म्हणजे मी तिला बरं वाटावं म्हणून आणलेली वस्तू तिला दर वेळी घाबरवत होती. तेव्हापासून मला फोटो सुंदर नको होता. शार्प हवा होता. असा शार्प की विचारायलाच नको.

त्या महिन्यात मी एका रविवारी रजा टाकून खडवलीलाही जाऊन आले. नदीकाठी ओल्या मातीवर फुलपाखरं उतरतात, आणि तिथे अशीच काही वेडी माणसं मोठमोठे कॅमेरे घेऊन चिखलात बसलेली असतात. त्यातल्या एका गृहस्थांना मी माझं रडगाणं ऐकवलं. ते म्हणाले, "मॅडम, राणी पाकोळीच्या मागे धावू नका. तिचा कोश शोधा. कोशातून बाहेर आलं की तास-दोन तास ते उडूच शकत नाही, पंख वाळवत बसतं. तेव्हा काढा. आणि फोकस डोळ्यावर. डोळा शार्प तर फोटो शार्प." घरी आल्या आल्या मी लिंबाचं झाड पान उलटून उलटून बघितलं. आणि होता! एका खालच्या फांदीला, हिरवागार, पानासारखाच, कमरेला एक बारीक धागा बांधून लटकलेला. आईला सांगितलं तर तिला आधी धाग्याचं कौतुक. "टाका घातलाय होय स्वतःला?"

मी रोज सकाळ-संध्याकाळ त्या कोशाला बघायचे. कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही, नजर लागेल म्हणून. तीच चूक झाली. सांगायला हवं होतं, निदान पहिल्या मजल्यावर.

दसऱ्याच्या सकाळी मी उठले तर बाहेर गाड्यांना झेंडूचे हार चढलेले, सगळ्या सोसायटीत उदबत्तीचा वास, आणि लिंबाची खालची फांदी गायब. काकूंच्या मुलाने नवीन गाडी घेतलेली. गाडीच्या चारी चाकांखाली लिंबू ठेवून ते चिरडून गाडी बाहेर काढायची, ही आपल्याकडची दसऱ्याची रीत. बाजारातली लिंबं महाग आणि देठ वाळलेले, म्हणून काकूंनी आमच्या झाडाची ताजी, पानांसकट, फांदीच ओढून आणलेली. मी धावत गेले तेव्हा गाडी गेटबाहेर गेली होती आणि डांबरावर चार ठिकाणी लिंबाचा चोथा पडला होता. मी तिथे बसून पानं चिवडत बसले. लोक मला दसऱ्याच्या शुभेच्छा देत होते.

"अगं, पण मला काय माहीत त्यात कोण होतं!" काकू म्हणाल्या. मग मी का ओरडतेय ते सांगितलं. आईचं, निळ्या रंगाचं, सगळंच सांगून टाकलं, जिन्यात, रडत रडत, हातात चिरडलेलं लिंबू घेऊन.  काकूंनी माझ्या हातातलं लिंबू घेतलं आणि त्या वर गेल्या.

त्यानंतर काकूंची पिशवी भलत्याच दिशेला फिरायला लागली म्हणे. कोजागिरीच्या आधी एका सकाळी बेल वाजली. दारात काकू, कपाळावर घाम, पिशवीतून डोकावणारी भलीमोठी फांदी. "एमआयडीसीच्या निवासी विभागातल्या एका बंगल्याचं पपनस रस्त्यावर आलंय बघ. त्याला तुझं ते हिरवं लटकलेलं. तोडू की नको, विचारायला आले." मी म्हटलं, काकू, तोडून झालंय. "हो, म्हणजे तोडूनच विचारायला आले," काकू म्हणाल्या. मी त्यांना मिठी मारली. पिशवीत जास्वंदीही होत्या, आमच्याच.

फांदी बरणीत, बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत. तो कोश काळपट व्हायला लागला, आतून पंख दिसायला लागले, तेव्हा मी कंपनीला सरळ दांडी मारली. पोटात दुखतंय म्हणून कळवलं. सकाळी कोवळ्या उन्हात ते बाहेर आलं. ओलं, चुरगळलेलं, पिळून ठेवलेल्या ब्लाउजपीससारखं. मग हळूहळू एकेक घडी उलगडत गेली. मी आईला खुर्ची देऊन अगदी जवळ बसवलं. ती बघत राहिली, डावीकडून, उजवीकडून. "कुठाय?" हे काय, तुझ्या नाकासमोर. "मला नाही गं दिसत एवढं. स्वस्थ बसलेलं मला सापडतच नाही. तू काढ. टीव्हीवर बघीन मी नीट."

मी काढले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी एवढं स्थिर बसलं होतं. श्वास रोखून, डोळ्यावर फोकस धरून काढले. शेवटी त्याने पंख पूर्ण उघडले, निळा सगळाच्या सगळा समोर आला, आणि मी बटण दाबलं. मग ते उडालं. खिडकीतून बाहेर पडताना आई चटकन म्हणाली, "गेलं बघ!" ते तिने बरोबर पाहिलं.

स्क्रीनवर फोटो मोठा करून बघितला. डोळ्यातली चमक, मिशांची टोकं, पंखांवरच्या भुकटीचा कण अन् कण. लॅबमध्ये असा नमुना आला असता तर मी न बोलता पास केला असता. जिंकले होते मी.

संध्याकाळी काकूंनाही बोलावलं, हक्कच होता त्यांचा. कॉफी केली. टीव्हीवर फोटो लावला. सबंध भिंत निळी झाली. काकूंचा हात तोंडावर गेला. आई पुढे वाकली. डावीकडे मान, उजवीकडे मान. खुर्ची पुढे ओढली. परत मान. मी तिच्याकडे बघत होते, फोटोकडे नाही.  मग तिने तो प्रश्न विचारलाच नाही. नुसतं हळूच म्हणाली,

"हललाय ना गं?"

काकू म्हणाल्या, "छे हो, काय बोलताय, हा तर इतका..." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो आई," मी म्हटलं. "हललाय. आयत्या वेळी हात हलला माझा."

काकूंनी कॉफीचा कप उचलला, खाली ठेवला. जन्मात कधी कुणाचं खोटं खपवून न घेतलेली बाई. म्हणाल्या, "हललाच आहे तसा. माझ्या पण लक्षात आलं, पण म्हटलं, हिला वाईट वाटेल."

"तरीच!" आई मागे टेकली. एवढी मोकळी हसली की बस. "मला वाटलं माझाच डोळा गेला. अगं, एवढं ते बसलं होतं समोर, तुला एक फोटो धड काढता येऊ नये?"

त्या रात्रीच्या जेवणाला मी खिचडी टाकली आणि भांडी जरा जोरातच घासली. कुणावर चिडायचं तेच कळेना. कॅमेऱ्यावर नाही, फुलपाखरावर नाही, काकूंवर तर नाहीच. इतके दिवस जे हवं होतं ते मिळालं होतं आणि ते कुणाला दाखवायची सोय उरली नव्हती. नंतर कधीतरी, आई दुपारची झोपलेली असताना, मी तिचा रिळांचा बिस्किटाचा डबा काढला. आनंदीचं रीळ आणि चिंतामणीचं रीळ, दोन्ही त्या फोटोशेजारी धरली. एकदा हे, एकदा ते. खिडकीत नेऊन, दिव्याखाली नेऊन. मला चांगलं दिसतं, चष्म्याने अगदी स्वच्छ दिसतं, आणि तरी मला सांगता येईना. तो रंग ओळखणारं आमच्या घरात एकच माणूस आहे. रिळं पुन्हा डब्यात ठेवताना कुठलं कुठे होतं तेही विसरले.

आता हा ऑक्टोबर. इंजेक्शनं चालू आहेत. दाराची चौकट आई हल्ली सांगत नाही आणि मी विचारत नाही. माझा हात मात्र बसलाय. कुठे थांबायचं, ते कुठून येतं, कुठल्या फुलावर जरा जास्त टेकतं, सगळं कळायला लागलंय. फोटो एकाहून एक येतात. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात आईला विचारतात, "काय, आला का तुमच्या लेकीला फोटो?" आणि आई तितक्याच मोठ्याने सांगते, "कसला येतोय! एवढा कॅमेरा, पण हिचा हात म्हणजे!" सगळी बिल्डिंग हसते. मी गवतात पडल्या पडल्या ऐकून घेते. रागही येतो, अगदी खरा येतो.

आज सकाळी काकू जास्वंदी तोडत होत्या. आई खुर्चीत, तोंड भिंतीकडे, म्हणजे ती लिंबाकडे बघत होती. "आलं बघ, वैशू," ती म्हणाली. माझ्याआधी तिलाच कळतं. वळून बघितलं तर खरंच, घाणेरीवर, निळं, फडफडणारं. मी कोपर टेकून काढला. स्क्रीनवर बघितलं. उडत्या पंखांचा, आणि तरी डोळा शार्प, मिशा शार्प, निळ्याची कड काळ्यात कुठे उतरते तेसुद्धा दिसत होतं. आजवरचा सगळ्यात चांगला.

"आला का नीट?" आईने विचारलं.

काकूंचा फुलं तोडणारा हात थांबला.

"नाही गं," मी म्हटलं. "हलला."

"हात्तिच्या!" आई हसली. "राहू दे. उद्या येईलच ते परत. उद्या मात्र नीट काढ हो, मला तो रंग बघायचाय."